तेवढी सावली सोडून पाहा

“रडाचं असन तं टॉकीजमंदी जा वं, इथं हासाचं.” घरच्या भिंतीवरच्या चादरीच्या सुरकुत्या ओढत बाई असं म्हणाल्या की समजायचं, सिनेमा सुरू होणार.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत मी काउंटरवर होते आणि बाई लग्नांची फिल्म काढायच्या. हळदीच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरणारी बाईमाणूस, म्हणून मुलीकडचे त्यांनाच बोलवत.

लग्न आटोपलं की रिळाच्या शेवटी अर्धाएक मिनिट फिल्म उरायची. मालकांना विचारून त्यात बाई स्वतःचा सिनेमा काढायच्या. दोन बायका भाड्याच्या एकाच सायकलीसाठी भांडतात, भांडता भांडता प्रेमात पडतात आणि शेवटी एकाच घराचं कुलूप उघडून आत जातात. एवढीच गोष्ट, पण ती पुरी व्हायला तीन वर्षं लागली. तेवढ्या वेळात नायिका किती जाड झाली, ते पडद्यावर कोणालाही दिसेल.

ती जाड झालेली नायिका मी. दुसरी कन्हानच्या शाळेतली मास्तरीण. ती बाईंसोबत एकाच घरात राहायची, आणि गल्लीत सगळे त्यांना मैत्रिणी म्हणत. पडद्यावर मी बाईंच्या जागी उभी आहे, हे मला फार उशिरा उमगलं. तुम्हाला आत्ताच कळलं असेल, पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

फिल्म मुकी. बाई प्रोजेक्टरजवळ उभ्या राहून दोघींचे संवाद स्वतः म्हणायच्या. अंबाझरीच्या बांधावरच्या दृश्यात मास्तरणीच्या बाजूला कॅमेरा धरलेल्या बाईंचीच सावली पडली होती. पुन्हा काढायला फिल्म नव्हती. तिथे आल्यावर त्या दरवेळी ओशाळून म्हणायच्या, “तेवढी सावली सोडून पाहा.”

एका दुपारी महिला मंडळाच्या बायका बघायला आल्या. पोट धरून हसल्या. मग अध्यक्षीणबाईंनी सुचवलं की शेवटी एक नवरदेव आणा, म्हणजे मंडळाच्या हॉलमध्येही दाखवता येईल. बाई शांतपणे म्हणाल्या, “नवरदेव तं मी रोजच काढतो. या दोघी आपल्या घरी जातीन, बस.”

त्यानंतर त्या बायकांच्या घरची लग्नं बाईंकडे आली नाहीत. माझंही लग्न ठरत होतं, मी घाबरले. मीही म्हणाले, टाका ना बाई एक नवरदेव. त्या रागावल्या नाहीत. “तुह्या लग्नात काढू ना वं. इथं काहून?” मला त्या बोलण्याची आजही लाज वाटते.

पुढे एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि बाई गेल्या. महिन्याभराने मास्तरणीने मला बोलावलं. भरदुपारी खिडक्या लावल्या, चादरीच्या सुरकुत्या ओढल्या आणि प्रोजेक्टर सुरू केला. स्वतःचे संवाद ती म्हणू लागली. माझ्या वाटचे तिच्या तोंडून निघेनात, म्हणून ते मी म्हटले.

बांध आला. सावली आली. मास्तरणीचा हात बटणाकडे गेला आणि मागे आला. थांबवली तर दिव्याखाली फिल्म जळते, हे बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. तिने फिल्म पुढे जाऊ दिली, उलटी गुंडाळली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा.

“रडाचं नाही म्हने इथं,” ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

त्या दुपारी सावली सोडून आम्ही दोघींनी काहीच पाहिलं नाही.