मिशीचं वजन

आमच्या घरी सायकल एकच होती आणि ती बाबांची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या थोरल्या भावाचं बोलणं ऐकलं तर कोणालाही वाटलं असतं की सायकल त्याचीच आहे, बाबा ती नुसती गिरणीत नेऊन आणतात. काळी, उंच, दणकट सायकल. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत बाबा तिच्यावर टांग मारून निघायचे.

सत्तर सालाच्या आगंमागंची गोष्ट असेल. शनिवारी बाबा पाळीवरून आले की भाऊ पाना घेऊन अंगणात बसायचा. मडगार्ड काढ, कॅरिअर काढ, स्टँड काढ, चेनकव्हर काढ. रविवारी सकाळी तो सायकलचा सांगाडा कामठी रोडवर पळवायचा आणि संध्याकाळी सगळं परत बसवायचा. एकदा पावसाळ्यात त्यानं कंटाळा केला आणि मागचं मडगार्ड तसंच राहू दिलं. सोमवारी बाबा घरी आले ते मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा घेऊन. काय शिव्या घातल्या, बाप्पा! मी आणि आई स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होतो.

त्या हिवाळ्यात मोठी शर्यत ठरली. आमच्याच चौकातून निघायचं, कामठीच्या पुढे जायचं आणि परत यायचं. एका मोठ्या कारखान्याचे साहेब बघायला येणार होते. पहिल्या तिघांना ते आपल्या सायकलच्या संघात घेणार होते, आणि संघात घेतलं म्हणजे कारखान्यात पक्की नोकरी. भावाला काही झालं तरी गिरणीत जायचं नव्हतं. कापसाच्या धुळीनं बाबांची छाती कशी झाली होती ते आम्ही रोज पाहत होतो. गिरणीचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा.

त्यात कोणीतरी त्याच्या कानात भरवलं की बराबरीचे गडी असले की शर्यत टांगेनं नाही, तोळ्यामाशानं जिंकतात. झालं! पोट्टा कामातून गेला. नटाच्या बाहेर आलेली बोल्टची टोकं त्यानं कानशीनं घासून काढली. हँडलच्या मुठी काढल्या. चाकातलं ग्रीस रॉकेलनं धुतलं आणि आईच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. वारा भरतो म्हणून आईकडून शर्ट इतका आवळून घेतला की तो अंगातून काढायला मला ओढावं लागायचं. काढलेली घंटी किराणावाल्याच्या तराजूत तोलून आला, तर तोंडावर असा आनंद की जसं काही लग्नच जमलं.

शर्यतीच्या आठवड्यात त्यानं मिशी उडवली. का, तर तिच्यात वारा अडते! आमच्याकडे बाप गेल्याशिवाय पोरगा मिशी काढत नाही. शेजारच्या मावशी नळावर निघाल्या होत्या. त्यांनी त्याला पाहिलं, घागर तिथंच टाकली आणि सूर लावला, "कवा झालं रे बापा? काल तं चांगले चालत गेले माह्यासमोरून!"

बाबा आत चहा पिऊन राहिले होते. बशी हातात घेऊन दारात आले. "मी जित्ता आहो बाई अजून," ते म्हणाले. "पण हा पोट्टा मले जास्त दिवस ठेवत नाई."

आज त्याच भावाचं पोट सुटलं आहे, मिशी पांढरी झाली आहे, आणि ही गोष्ट निघाली की तो उठून गच्चीवर जातो. त्या दिवशी मात्र बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शर्यत बघायलाही येणार नाही म्हणाले.

लोखंड घासून संपलं, मग तो स्वतःला घासायला लागला. भात बंद. मग पोळी बंद. शेवटी शेवटी तर दिवसभर नुसती संत्री. तो जेवला नाही की आईही ताट झाकून ठेवायची. मला त्याचा असा राग यायचा की ती संत्री एकेक करून त्याच्या टाळक्यात हाणावी.

"सायकल हलकी कर ना," आई म्हणायची. "पोराले काहून हलका करून राहिला?"

"आई, एक किलो कमी झालं तं चढावर एवढा फरक पडते," तो दोन बोटांत जागा ठेवून दाखवायचा. ती जागा मला तरी दिसायची नाही.

रविवारी सकाळी भल्ली थंडी होती. आम्ही शेवटच्या पुलाच्या चढावर उभ्या राहिलो, आणि पाहते तं बाबा आमच्या आधी येऊन उभे. कानाला मफलर, तोंड दुसरीकडे.

आणि आमचा भाऊ पहिला दिसला! एकटा, मागे कोणी नाही. मी किंचाळले, आईनं हात जोडले, बाबा रस्त्यात उतरले. अर्ध्या चढावर त्याचं हँडल डगमगलं. तो उतरला आणि कडेच्या दगडावर बसला. मागचे गडी एकेक करून पुढे निघून गेले, चांगले मिशावाले, एकाच्या सायकलला तर मडगार्डही होतं.

"बाबा, पाय चालूनच नाई राहिले," तो म्हणाला.

एवढ्या थोराड पोराला बाबांनी दांडीवर बसवलं आणि उतारावरून सायकल धरत धरत पुलाखालच्या पोह्याच्या टपरीवर आणलं. आम्ही मागून धावत पोचलो.

"दे गा, तर्री भरून दे," बाबा टपरीवाल्याला म्हणाले.

भावानं पोहे असे खाल्ले की तर्रीच्या झणझणीत रश्श्यातले चणेही चावले नसतील. दुसरी प्लेट मागितली. खाता खाता रडायला लागला, आणि रडता रडता खात होता. तिकडे चौकात जिंकणाऱ्यांच्या गळ्यात हार पडत होते, टाळ्या ऐकू येत होत्या. आता त्याला बाबांच्या मागं गिरणीत जावं लागणार, हे आम्हा चौघांनाही कळलं होतं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आई मात्र टक लावून बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते त्याला दिसलं.

"माही नोकरी गेली, अन् तू हसून राहिली वं आई?"

"हो, हसून राहिली," आई म्हणाली. "माहं पोरगं खाऊन राहिलं."