एक बंदूक आणि दोन होकार

दळवींच्या घरी जायचं तर मी पुढच्या दारानेच जाते. मागच्या दाराची वाट गॅरेजवरून आहे, आणि तिथे कधी रानडुकराची मांडी टांगलेली असेल याचा नेम नसतो. वसुंधराताई हे ओळखून आहेत. माझी चाहूल लागली की हात धुऊन, ॲप्रन काढून त्या पुढे येतात आणि म्हणतात, "या वहिनी, आज गॅरेज शाकाहारी आहे."

माउंट रॉस्किल या आमच्या उपनगरात आमच्या दोन घरांच्या मधे एक लाकडी कुंपण आणि त्यांचं फिजोआचं, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळाचं झाड, एवढंच अंतर. झाड त्यांचं, पण निम्मी फळं आमच्या बाजूला पडतात. सुधाकर दळवी मूळचे चिपळूणकडचे, पुलांची ड्रॉइंग्ज करणारे इंजिनियर. वसुंधराताई पुण्याच्या, इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स. दोघंही साठीच्या अलीकडची. आपल्या बाकीच्या लोकांचे शनिवार-रविवार सत्यनारायण, वाढदिवस आणि मुलांच्या क्रिकेटमध्ये जातात. हे दोघं मात्र शुक्रवारी संध्याकाळी गाडीत सामान टाकून दक्षिणेला निघायचे. हरणं, रानडुकरं, रानबोकड. मंडळाच्या कार्यक्रमात लोक मला दबक्या आवाजात विचारायचे, "ते शिकारवाले तुमचे शेजारी ना?" जसं काही हे दोघं दरोडेच घालतात.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तेव्हा मला शिकार पटते असं मी म्हणणार नाही. वसुंधराताईंनी मला एकदा समजावलं होतं की हरणं या देशाची नाहीतच. साहेबांनी हौसेने आणून सोडली. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे ती वाढतच जातात आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात. त्यांना मारायचा रीतसर परवाना मिळतो. मला ते कळलं, तरी ऐकताना हात जपमाळेकडे गेलाच. पण गेल्या वर्षभरात त्या नवराबायकोचं जे पाहिलं ते माझ्या रोजच्या वहीतल्या चार ओळींत मावेना, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

त्यांच्याकडे दोघांत मिळून बंदूक एकच. दुसरी घेता आली नसती असं नाही, पण तसा नियम आहे आणि तो वसुंधराताईंनी हॉस्पिटलातून आणलेला आहे. पेशंटला रक्त चढवायचं तर पिशवीवरचं नाव आणि नंबर एकीने वाचायचा, दुसरीने ताडून बघायचा. दोघींचं जुळल्याशिवाय नळी जोडायची नाही. झुडपात काहीतरी हललं, हरीणच असणार असं समजून माणसावर गोळी झाडल्याच्या गोष्टी शिकाऱ्यांमध्ये ऐकू येतात. त्या ऐकल्यावर ताईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, "बंदूक एकाकडे, दुर्बीण दुसऱ्याकडे. दुर्बीणवाल्याने डोकं, मान, खांदा स्वच्छ पाहून 'हो' म्हणायचं. मग बंदूकवाल्याने स्वतः पाहून 'हो' म्हणायचं. दोन 'हो' झाल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही."

इतकी वर्षं बंदूक सुधाकररावांकडे आणि दुर्बीण ताईंकडे. लायसन्स ताईंकडेही होतं, शिकाऱ्यांच्या क्लबच्या रेंजवर कागदावरचा नेम त्यांचा नवऱ्यापेक्षा चांगला. पण जनावरावर त्यांनी कधी गोळी झाडली नव्हती. "मला बघण्यातच जास्त मजा येते," म्हणायच्या.

"ह्या बाईने माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिंगं घालवली, वहिनी," सुधाकरराव घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. "समोर उभा होता. ही म्हणते, नाही."

"मधे फांदी होती."

"फांदी नव्हती, तुझ्या चष्म्याची काडी होती."

"असू दे. मला खांदा दिसला नाही, विषय संपला."

आणि विषय खरंच संपलेला असायचा. सुधाकररावांनी त्या 'नाही'वर कधी गोळी झाडली नाही. घरात एरवी ताई त्यांना "अहो" म्हणतात, चारचौघांत "हे" म्हणतात. पण बुशमध्ये, म्हणजे इथल्या जंगलात, सरळ "तू". मी एकदा त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "हरीण समोर असताना अहो-जाहो कोण करत बसणार?"

गेल्या वर्षी मार्चमध्ये, ऐन रोअरच्या तोंडावर, सुधाकररावांना स्क्रीनवरची सरळ रेघ वाकडी दिसायला लागली. रोअर म्हणजे इथल्या नर हरणांचे ओरडण्याचे दिवस. शिकारी वर्षभर त्यांची वाट बघतात. सुधाकररावांनी आधी ऑफिसातल्या ज्युनियरला फैलावर घेतलं, पुलाला पोक कुणी काढलं म्हणून. पूल सरळच होता. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. डावा डोळा लहानपणापासूनच मंद.

ऑपरेशन झालं. त्यानंतर कितीतरी दिवस मान खाली घालून पालथं पडून राहायचं. आरतीला सुद्धा दारात उभा राहून घड्याळ बघणारा माणूस, मी मऊभात घेऊन गेले तेव्हा उशीत तोंड घालून आडवा. ताई म्हणाल्या, "वहिनी, फोटो काढून ठेवा. परत इतका नमलेला मिळायचा नाही." उशीतून आवाज आला, "मला ऐकू येतंय."

भोक बुजलं, पण मधली नजर काही परत आली नाही. जवळचं दिसायचं. लांबचं सगळं ओल्या काचेतून बघितल्यासारखं. गाडी सुटली, आणि बंदूकही.

अशाच एका रविवारी मी त्यांच्याकडेच फिजोआ निवडत बसले होते. सुधाकरराव म्हणाले, "विकून टाकू ती."

"विकायची कशाला? मी धरते. तू दुर्बीण घे," ताई म्हणाल्या. घरात असूनही 'तू' म्हणाल्या, तेव्हाच मी मान वर केली.

"दुर्बिणीतून मला हरीण आणि लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा सारखाच दिसतो, वसू. मी कशाला हो म्हणू?"

त्यांची मुलगी श्रिया वेलिंग्टनला असते. ती फोनवर होती, स्पीकर चालू. ती म्हणाली, "आई कॅन सी परफेक्टली फाइन. सो लेट हर डिसाइड, नो?"

"रक्ताच्या पिशवीवर मी एकटीने सही करत नाही," ताई म्हणाल्या.

"मॉम, इट्स अ डिअर."

"तेच तर बघायचं असतं ना, की ते डिअरच आहे!"

फोन संपला. सुधाकरराव म्हणाले, तू क्लबच्या लोकांबरोबर जा. त्यांचा एक 'हो', तुझा एक. ताई निवडलेली फळं पिशवीत भरायला लागल्या. नंतर पिशवी द्यायला कुंपणाशी आल्या तेव्हा बोलल्या.

"वहिनी, मला हरणाचं काही नाही हो. पण हा माणूस फक्त बुशमध्ये बोलतो. घरी काय, मीठ दे, वायफाय गेलं, कचऱ्याचं बिन बाहेर काढलं का. तिकडे गेला की झाडाला टेकून हळू आवाजात किती बोलतो. आईबद्दल, गावाबद्दल, कुठला पूल चुकला त्याबद्दल. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला जेवढा कळला तेवढा तिथेच कळला. आता तिथलं बोलणंही बंद होणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण पिशवीचे बंद त्या उगीच बांधत-सोडत होत्या.

हिवाळा लागला. शनिवारी पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज यायचा. ताईंनी बंदूक विकली नाही, नियम मोडला नाही आणि एकट्याही गेल्या नाहीत.

मग एका सकाळी सुधाकरराव आमच्या दारात. "वहिनी, रमण आहेत का? आणि एक परात आणि एक सूप द्या." माझ्या यजमानांना त्यांनी आपल्या मागच्या अंगणात नेलं, परात एका हातात, सूप दुसऱ्या हातात. स्वतः पायऱ्यांवर उभे. "आता हात बदलत बदलत मागे सरका." कुठल्या हातात काय ते सुधाकरराव ओरडून सांगत होते. रमण मागे सरकत फिजोआच्या झाडाला पाठ लागेपर्यंत गेले. तिथपर्यंत एकदाही चूक नाही. त्यापलीकडे दोन वाफे मागे गेल्यावर मात्र सुधाकररावांना परातीचं सूप दिसायला लागलं.

"झाडापर्यंत," सुधाकरराव ताईंना म्हणाले. "हरीण तेवढ्या अंतरात असेल, तर माझा 'हो' खरा. दुर्बीण नको, काही नको."

ताई हसत सुटल्या. "तेवढ्या जवळ हरीण येईल कशाला? राखी बांधायला?"

"ते नाही येणार. आपण जायचं."

पूर्वी ही मंडळी दरीच्या पलीकडच्या उतारावरचं हरीण टिपायची. आता परात ओळखू येईल एवढ्या अंतरावर जायचं, तेही नाकाने आणि कानाने जगणाऱ्या जनावराच्या. रमण मला घरी येऊन म्हणाले, "बिचाऱ्यांचं आता ट्रॅम्पिंगच होणार, नुसती रानातली पायपीट." मीही तेच धरून चालले होते.

पहिल्या खेपेला हरणं धोक्याची शिट्टी मारून पळाली. सुधाकररावांच्या मते ताईंचा गुडघा वाजला. ताईंच्या मते ह्यांचं पोट. दुसऱ्या खेपेला वारा फिरला. तिसऱ्या खेपेला तर नुसता पाऊस, दोघं हटमध्ये, म्हणजे जंगलातल्या खोपटात, बसून पाकिटातलं गरम सूप पिऊन परत आली. पण येताना वाद घालतच आली, ते मी कुंपणावरून ऐकलं. पाय आधी टाचेवर टेकवायचा की चवड्यावर.

वसंतात एका रविवारी दोघं थेट आमच्याकडेच उतरली. बूट चिखलाने भरलेले, म्हणून दाराबाहेर काढले. मी पोहे टाकले. काय झालं ते दोघांनी एकमेकांचं तोडत तोडत सांगितलं.

कायमानावा डोंगरांतलं जंगल, आदल्या दिवशी पाऊस झालेला, त्यामुळे खालचा पाचोळा मऊ. आता सुधाकरराव पुढे आणि ताई बंदूक घेऊन मागे. सुधाकरराव थांबले. पानं ओरबाडल्याचा आवाज.

"मला काहीच ऐकू आलं नाही," ताई म्हणाल्या.

"तुला नाहीच येत. इतकी वर्षं मी डोळ्यांवर विसंबून होतो म्हणून मलाही येत नव्हतं."

दोघांनी बूट काढले, मोज्यांवर निघाले. वारा बघायला इथले लोक छोट्या बाटलीतून पावडर उडवतात. यांच्याकडची संपली होती, म्हणून खिशातला मी दिलेला अंगारा उडवला. हे सांगताना ताईंनी माझ्याकडे बघून कान धरले. मी म्हटलं, असू दे, पुढे सांगा.

अंगारा त्यांच्याच तोंडावर आला. म्हणजे वारा हरणाकडून इकडे, त्याला यांचा वास जाणार नाही. झाडांच्या फटीतून ताईंना दिसला. तरणा नर, शिंगांवर अजून कोवळी मखमली लव.

"इतका स्वच्छ दिसत होता, वहिनी. कानावरची माशीसुद्धा. मी हो म्हटलं."

"मी म्हटलं, माझं नाही. पुढे."

"तिथून मला कागदावर डोळे झाकून लागला असता नेम. पण पुढे गेलो. परत हो म्हटलं."

"परत म्हटलं, पुढे. मला तपकिरी डाग दिसत होता. डागाला कसं हो म्हणू?"

"एका ओंडक्यावरून जायचं होतं. माझा एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि त्याने मान वर केली. तशीच राहिले. पायाला पेटका. मनात म्हटलं, गेला हा आता. आणि ह्याच्यानंतर हा माणूस परत यायचा नाही माझ्याबरोबर."

पोहे ताटात तसेच होते. रमण म्हणाले, "मग?"

"मग त्याने मान परत खाली घातली. मी पाय काढला. हा पोटावर सरपटत झाडाच्या मुळापाशी गेला. मी मागोमाग जाऊन त्याच्या शेजारी. आणि ह्याने बघितलं. किती वेळ बघतोय! मला वाटलं झोपला की काय."

"मी एकेक बघत होतो," सुधाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, तिथे बोलत असतील तसा. "डोकं. कान. मान. खांदा. मागे मातीची भिंत, म्हणजे गोळी पुढे कुणाला जाणार नाही. सगळं होतं. मी म्हटलं, हो."

ताईंनी गोळी झाडली. जनावर जागच्या जागी बसलं. त्यांनी जवळ जाऊन बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं आणि हात जोडले. सुधाकरराव गुडघ्यावर बसून बाजूला थांबले होते. नंतर सोलायचं, साफ करायचं काम त्यांनीच केलं, सुरी बोटांच्या अंदाजाने चालवत.

मी उठून देवापाशी दिवा लावला, त्या मुक्या जिवासाठी. शिकार मला अजूनही पटत नाही. पण जी बाई हातात आलेलं हरीण नवऱ्याच्या एका शब्दासाठी दोनदा गमवायला तयार होते, आणि जो माणूस दिसत नसताना दिसतंय असं खोटं म्हणत नाही, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? मी परत आले तर सुधाकररावांचं अजून चालूच होतं. पाचोळा कसा दाबायचा, चवड्यावर.

"वहिनी, तिथून निघाल्यापासून बोलतोय हा," ताई म्हणाल्या. "गाडी मी चालवतेय, तोंड ह्याचं. घर जवळ आलं, बॉम्बे हिल्सच्या चढावर आल्यावर म्हटलं, बाबा रे, आता थोडा वेळ गप्प बस."

"मग बसलात का?" मी विचारलं.

"पुढचाच पुकेकोहेचा फाटा जाईपर्यंत," सुधाकरराव म्हणाले, आणि रमणकडे वळले. "तर चवड्याचं मी काय सांगत होतो..."

ताईंनी त्यांच्यापुढची गार झालेली ताटली माझ्याकडे सरकवली. "गरम करा, वहिनी. ह्याला वेळ लागेल."