खडीच्या कामावरचं पिंप

रॉकेलचा वास आला की मला खडीच्या कामावरचं ते पिंप हमखास आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण गुन्हेगार आधीच ठरवून तपासाला निघालो, असं एकदाच झालं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी मिरजगावच्या बाजूला फौजदार होतो. माळावर रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. माणसं दिवसभर उन्हात खडी फोडायची आणि प्यायला टँकरने भरलेलं एकच पिंप. गावातले लोक त्यातून आपल्या हाताने पाणी घेत. दलित वस्तीवरच्या बायकांच्या ओंजळीत मात्र पाणीवाली म्हातारी वरून ओतायची. मी बंदोबस्ताला दोनदा तिथे गेलो, त्याच पिंपातलं पाणी प्यालो आणि स्टेशन डायरीत 'कामावर शांतता' अशी नोंद केली. डोळे असून आंधळा, दुसरं काय!

मग त्या बायकांनी ओंजळ धरणंच बंद केलं. दुपारच्या सुट्टीत पिंपाजवळ रांगेने बसायच्या, हात मांडीवर ठेवून. मागणी एकच, आमचं पाणी आम्ही आमच्या हाताने घेऊ. घोषणा नाही, शिवी नाही. पाण्याचा घोट घ्यायचा तो संध्याकाळी वस्तीवर गेल्यावरच.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादमाचा निरोप आला, की बायकांनी पिंपात रॉकेल ओतलंय, गावकरी खवळलेत, लवकर या. मी दोन शिपाई घेऊन गेलो. पिंपाला भपकारा येत होता. मुकादम हजेरीपट उघडून बायकांची नावं कापायच्या तयारीत होता. नाव कापलं की काम गेलं, आणि त्या वर्षी काम गेलं म्हणजे घरची चूल विझली. वर अटक होणार ती वेगळीच.

बायकांची पुढारी चाळिशीची होती. सगळे तिला आक्का म्हणत. मी तिला चांगलंच दरडावलं. ती जागची हलली नाही.

"साहेब, आमाला झाकनाला हात लावू देत न्हाईत, मंग रॉकेल कवा वतनार?" ती म्हणाली. "आन पानी नासवायचंच हुतं, तर तीन दिस तहानलेल्या कशाला बसलो असतो?"

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही तर उलट मलाच विचारत होती.

मग मुकादमाचा जबाब घ्यायला बसलो. तो न विचारलेलंही सांगत सुटला. बोलून बोलून घसा कोरडा पडला तसा उठला, सायकलच्या हँडलला अडकवलेला फिरकीचा तांब्या काढला आणि घटाघटा पाणी प्याला. झाकण आवळून बंद होणारा तो तांब्या लोक प्रवासाला नेतात. हा गडी कामावर कशाला घेऊन आला? मी पाणीवालीला बाजूला घेऊन विचारलं.

ती जरा चाचरली. "आजच आनलाय, साहेब. रोज सकाळचं पयलं पानी त्योच पितोय पिंपातलं. आज जवळ बी आला न्हाई."

बस्स! झाकण उघडण्याआधी पाणी नासल्याचं फक्त याला ठाऊक होतं. तांब्या त्याच्या पुढ्यात ठेवला आणि घरून पाणी का आणलं ते विचारलं. गडी थोडी टाळाटाळ करून कबूल झाला. बायकांची रांग मोडायला कंदिलाचं रॉकेल त्यानेच ओतलं होतं. मी पंचनामा केला, अस्पृश्यतेच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि आक्कासमोर जाऊन सांगितलं की चूक माझी झाली.

"पानी कवा येनार, त्ये सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राखेने घासलेलं पिंप भरलं. मुकादम बदलला होता, हजेरीपटावर बायकांची नावं शाबूत होती. म्हातारीने लांब दांड्याचं ओगराळं आपणहून आक्काच्या हातात दिलं. आक्काने झाकण उघडलं, ओगराळं बुडवलं आणि सावकाश पाणी प्याली. मागून कुणीतरी हसलं, मग सगळी रांगच हसायला लागली. मीही रांगेत उभा राहिलो. गावातले एकदोघे पाय आपटत निघून गेले. बाकीचे थोडा वेळ थांबले आणि उन्हाने हैराण होऊन आमच्या मागे येऊन उभे राहिले.

कुणी ओरडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा माझा समज त्या बायकांनी मोडला. त्या संध्याकाळी मी डायरी उघडली आणि पुन्हा 'कामावर शांतता' असंच लिहिलं. या वेळी ते खरं होतं.