पावल्याची खबर

गुरुदासबाबांची आणि माझी ओळख भीतीवरूनच झाली. डिचोलीच्या रुग्णालयात मी संगणक विभागात रुजू झाले, तेव्हा विभागप्रमुख म्हणून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तुका भंय दिसता?" मी ऐटीत "छे!" म्हटलं. "मग शीक. ह्या कामांत भियेवंक जाय," ते म्हणाले. या कामात भ्यायला हवं म्हणे!

आज त्यांची साठी साजरी होत असताना मला आठवतो तो जुना सर्व्हर बदलण्याचा दिवस. जुन्यावरच्या प्रत्येक नोंदीची नक्कल आपोआप नव्यावर उतरत होती. याला आम्ही रेप्लिकेशन म्हणतो. अकरा वाजता जुना बंद करायचा होता. मागे किती नोंदी राहिल्या हे दाखवणारा फलक मी बनवला होता, आणि त्यावर सकाळपासून शून्य होतं. मी खूश!

बाब, आम्ही सगळे त्यांना असंच म्हणतो, मूळचे इब्रामपूरचे. घरचं कोणी परगावी निघालं की पोचल्याचा फोन येईपर्यंत पान वाढायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. कामातही तीच. दर तासाला ते जुन्या सर्व्हरवर स्वतःच्या नावाने चाचणीची नोंद करत, रुग्ण गुरुदास, तक्रार 'धास्ती', आणि ती नव्यावर शोधत.

त्या दिवशी नऊची 'धास्ती' पोचली होती. दहाची काही केल्या सापडेना.

"शून्य दिसता म्हणून जालें काय गो? पावल्याची खबर थंयसून येवंक जाय," बाब म्हणाले. पोचल्याची बातमी पलीकडून, नव्या सर्व्हरवरूनच यायला हवी.

मी फलकाचा कोड उघडून पाहिला. नक्कल उतरणं नऊनंतर कधीतरी बंद पडलं होतं. मोजायला काहीच मिळालं नाही तर शून्य दाखव, असं फलकाला मीच सांगून ठेवलं होतं! त्या मधल्या वेळेत मोरजीच्या एका बाईंच्या नोंदीत 'पेनिसिलीन चालत नाही' अशी भर पडली होती. नव्यावर ती ओळच नव्हती. अकराला जुना बंद झाला असता तर?

बाबांनी काम थांबवलं. वॉर्डात जाऊन त्या बाईंच्या कागदावर लाल अक्षरांत ते लिहिलं आणि नर्सबाईंकडून मोठ्याने वाचून घेतलं. वरिष्ठांना म्हणाले, "फलक मी तपासायला हवा होता." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मग कॅन्टीनमध्ये उंडो पाव आणि पातळभाजी माझ्यापुढे सरकवली. "खा. आतां भंय कितें तें कळ्ळें तुका."

सोमवारपासून ते निवृत्त, आणि फलकासमोर मी एकटी. भीती वाटते, खरंच सांगते.

बाब, तुमच्या नावाची नोंद मी दर तासाला करत राहीन. आमच्या रुग्णालयात तुमचं नाव एवढ्यापुरतंच लागो, आणि शंभरी गाठेपर्यंत दुसरी कुठलीच तक्रार त्यापुढे न येवो. आज समारंभानंतर इब्रामपूरला पोचलात की फोन करा. तोवर मी पान वाढून घेणार नाही.