काँक्रीटवरचं आळं

यातली माझी बाजू मी बायकोलाही कधी सांगितलेली नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आज आहे असंही म्हणवत नाही. बँकेतला माणूस मी, तपासता येईल तेवढंच खरं धरणारा.

उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला वहिनी... दादा गेल्यापासून एकट्याच. पुढचं अंगण एकच. माझ्या बाजूला मी वाढवलेला चिकू, त्यांच्या बाजूला दादाने लावलेली मोगऱ्याची रांग. वहिनी पहाटे एकेक झाडाचं आळं पाण्याने भरायच्या, मगच चहा.

मग गटाराची सीवर लाईन आली. आखणी माझ्या चिकूखालून होती. सुपरवायझरला मी टावर चौकात चहा पाजला आणि म्हणालो, "उधर से ले लो ना भैया, उधर तो बस फूल-वूल हैं."

एवढंच. जेसीबी वहिनींच्या बाजूने शिरला.

त्या भांडल्या नाहीत. सरकारी काम, कोण काय करणार, म्हणाल्या. उपटलेल्या मोगऱ्यांची मुळं भैरवगढी छापाच्या जुन्या चादरीत ओली करून गुंडाळली, पुन्हा लावू म्हणून. वर माझीच समजूत घातली — "तुमचा चिकू तरी वाचला, भाऊजी."

मोगरे वाळले. चर बुजवून त्यावर काँक्रीट पडलं. धुळीने वहिनींना दम लागायचा, म्हणून त्यांची लेक त्यांना देवासला आपल्या घरी घेऊन गेली.

त्यानंतर सुरू झालं. ऐन मे महिना, आणि पहाटे दार उघडावं तर कोरड्या ठाक काँक्रीटवर ओली वर्तुळं... एका रांगेत, जिथे झाडं होती बरोब्बर तिथे. ऊन चढलं की सुकायची. प्लंबर आणला. तो म्हणाला, लाईन तो अभी चालू ही नहीं हुई, साहब. बायको म्हणाली, तुम्हीच झोपेत पाणी घालत असाल, जागेपणी तर कधी घातलं नाही.

एका सकाळी कोपऱ्यातल्या वर्तुळातून ओघळ निघून माझ्या बाजूला आला होता. तो बघत उभा होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन. आवाज पार खोल गेलेला. या वर्तुळांबद्दल मी त्यांच्याकडे चकार शब्द काढला नव्हता.

"भाऊजी, कोपऱ्यातलं आळं फुटलंय का हो? पाणी तुमच्याकडे वाहतंय. जरा माती लावा."

चराचं खरं सांगायची वेळ तीच होती. शब्द जिभेवर आलेही होते. मी म्हणालो, "लावतो."

मग लेकीने फोन घेतला. आई कितीतरी दिवस अंथरुणातून उठलेलीच नाही, म्हणाली. त्याच आठवड्यात वहिनी गेल्या... आणि वर्तुळंही थांबली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. तेव्हा ती वर्तुळं दिसली की धस्स व्हायचं. आता रोज पहाटे उठून बघतो, काँक्रीट कोरडं असतं.

तो चर मी वळवायला लावला होता. वहिनींना हे सांगण्याचं देणं मी लागत होतो, अजूनही लागतो.