फ्रीझरचा प्लग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि गोष्ट केवढी, तर एका प्लगची.

रायपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकत्या तपासतो. कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगात त्यांना वर्षानुवर्षं किरणांचा मारा सोसायचा असतो. म्हणून आधीच मारा खाऊन आलेल्या चकत्यांमधून किती वीज गळते, ते आम्ही मोजतो. तोवर त्या उणे वीसवर गोठवून ठेवायच्या. उबेत राहिल्या की इजा थोडी भरून येते आणि गळती कमी दिसते. खोटीच कमी.

मे महिना होता, शनिवार. रायपूरचा मे काय असतो, ठाऊक आहे ना? खोलीत सॉकेट एकच. तासाभरासाठी म्हणून मी फ्रीझरचा प्लग काढून कूलरचा लावला. संध्याकाळी कूलर बंद केला आणि — घरी गेले. सोमवारी फ्रीझर उघडला, तर तळाला पाणी.

सांगायला काय झालं होतं? सर ओरडले असते, एवढंच ना? मी पाणी पुसलं, प्लग लावला आणि नोंदीच्या कागदावर दोन्ही दिवस उणे वीस लिहून टाकलं. मग चकत्या मोजल्या. आकडे देखणे आले.

त्याच तुकडीतल्या निम्म्या चकत्या शेजारच्या खोलीत वंदनाकडे, तिच्या फ्रीझरमध्ये होत्या. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेली, हाताची फार नीट मुलगी. तिची गळती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आली. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिला म्हणाले, "लापरवाही तुम्हारी है." तिनं तीनदा मोजलं. तीनदा तेच आलं — खरं होतं ना ते! तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. आता ती अभनपूरला शिकवण्या घेते.

फ्रीझरची मोटर थांबली की मी अजून दचकते. सरांचा फोन वाजला की वाटतं, कळलं. पण खरी भीती वंदनाची वाटते. ती कधीतरी परत येऊन तेच विचारेल, आणि मी पुन्हा तेच सांगेन.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली होती. "दीदी, तुमी तं पाहून राहिल्या होत्या मले काम करतानी. माहंच चुकलं असन का?"

नाही म्हटलं असतं, तर तिनं कारण विचारलं असतं.

"हव," मी म्हटलं.

ती माझ्या पाया पडून गेली.