सव्वीस तासांचे मैलकाका

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे मैलकाका म्हणत. राजधानी किती लांब, असं कुणी विचारायचा अवकाश, मान वर न करता उत्तर यायचं, "सोळाशे बेचाळीस किलोमीटर. सव्वीस तास. पुढे चला." एकोणतीस वर्षं हे उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वतः मैलकाका मात्र घर ते खिडकी या दीड किलोमीटरपलीकडे फारसे गेलेच नव्हते. त्यांना बस लागायची. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती आणि तिने ती कुणालाही सांगितली नव्हती. म्हणजे फक्त दोन्ही नणंदांना आणि शेजारणीला.

एकुलती एक लेक लग्न होऊन राजधानीला गेली होती. तिचे दिवस भरत आले, तशा बायकोने बॅगा भरल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. "गुरुवारी सकाळी आठला निघतोय, शुक्रवारी दहाला हजर," मैलकाकांनी जावयाला छातीठोकपणे कळवलं.

घाटात ट्रक आडवा पडला होता. तिथे पाच तास गेले. घाट उतरतो तोच टायर बसला. लिंबू हुंगत, डोळे मिटून मैलकाका म्हणाले, "अगं, आत्तापर्यंत आपण निम्म्यावर असायला हवं होतं."

पुढच्या सीटवरच्या म्हातारबाई गर्रकन वळल्या. "हा आवाज ओळखीचा आहे. खिडकीतले ना तुम्ही? सव्वीस तासवाले?"

"हो, पण रस्ता मोकळा असेल तर."

"हे 'तर' तुम्ही कधी बोलला नाहीत हो!"

सगळी बस हसली. मग काय, जो उठेल तो विचारी, "काका, अजून किती?" बायको तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

पोचायला पस्तीस तास लागले. नात दुपारीच झाली होती. "बाबा, पोरगी तुमच्यापेक्षा वेळेवर आली," जावई म्हणाला आणि मैलकाकाही हसले. पण दवाखान्यात लेक हळूच म्हणाली, "दहा वाजल्यापासून दाराकडे बघत होते मी." मैलकाका नात मांडीवर घेऊन तिचं दुपटं नीट करत बसले.

परत आल्यावर खिडकीतलं उत्तर बदललं. "पस्तीस तास धरा. घाटात अडकलात तर आणखी. घरच्यांना वेळ सांगू नका, निघालो एवढंच सांगा." प्रत्येकाला एवढं सांगता सांगता रांग पार फाटकाबाहेर गेली. साहेबांनी बोलावून घेतलं.

"काका, वेळापत्रकात सव्वीस लिहिलंय."

"साहेब, वेळापत्रक कधी गेलंय राजधानीला?"

मैलकाकांनी खिडकीशेजारी एक फळा टांगला. आलेली प्रत्येक गाडी खरोखर किती तासांत आली, ते चालकाला विचारून ते त्यावर रोज लिहू लागले. उतारू खूश आहेत. चालक मात्र हल्ली गाडी लावली की मागच्या फाटकाने सटकतात, आणि मैलकाका खडू हातात घेऊन त्यांच्यामागे धावतात.